पाण्याखालचा नंबर

मालवणच्या धक्क्यावरून स्कूबासाठी सुटणाऱ्या होडीत पर्यटक चढले की आधी मोबाइल गोळा होतात, मग घड्याळं, पाकिटं आणि अगदी शेवटी चष्मे. चष्मा द्यायला माणसं वेळ लावतात. मी बसले होते त्या होडीत पुण्याचं एक कुटुंब होतं आणि आजोबा सोडले तर पाचही जणांना चष्मा. पिशवीत चष्म्यावर चष्मा पडला आणि ती पाच माणसं डोळे बारीक करून सिंधुदुर्गाच्या तटाकडे बघू लागली. १६६४ साली पायाभरणी झाल्यापासून किल्ला जागचा हललेला नाही, पण त्यांच्यापुरता तो आता पाण्यावरचा काळपट पट्टा झाला होता.

"खाली दिसेल ना मला?" धाकट्या मुलीने विचारलं.

"दिसता, दिसता," गाइड म्हणाला. "पाण्यात सगळा मोठाच दिसता."

उत्तर खोटं नव्हतं. पुरेसं मात्र नव्हतं. मुलीचा नंबर किती हे कुणी विचारलं नाही आणि तिच्या आईवडिलांनाही ते सांगावंसं वाटलं नाही. होडीवर चढण्याआधी भरून घेतलेल्या कागदावर दमा, हृदयविकार, रक्तदाब, फिट्स सगळं होतं. चष्म्याचा रकाना नव्हता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'नजर' हा विषय कळवला तेव्हा त्यांच्या मनात चित्रपट, छायाचित्रण, झालंच तर स्त्रीकडे बघण्याची नजर असं काहीतरी असावं. मी मालवण, तारकर्ली, देवबाग असा किनारा निवडला. माझा स्वतःचा नंबर मायनस साडेचार आहे, आणि समुद्राच्या तळाशी जाऊन काय दिसलं याचं वर्णन करणारे चष्मेवाले नातेवाईक मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्यांना खरोखर काय दिसलं असेल, ही शंका जुनीच.

उघड्या डोळ्यांचं काय होतं

डोळ्यात भिंग असतं हे शाळेत शिकवतात. त्यामुळे आपली समजूत अशी होते की प्रकाश वळवण्याचं काम ते आतलं भिंगच करतं. वास्तविक निम्म्याहून बरंच जास्त काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, करतो. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायऑप्टर धरली तर त्यातली चाळीसहून अधिक एकट्या कॉर्नियाची. ती ताकद येते कुठून? हवेतून कॉर्नियात शिरताना प्रकाश जोरात वळतो म्हणून. हवेचा अपवर्तनांक १, कॉर्नियाचा साधारण १.३७. पाण्याचा १.३३. म्हणजे पाण्यातून कॉर्नियात शिरणाऱ्या किरणाला आपण दुसऱ्या पदार्थात आलो याचा जेमतेमच पत्ता लागतो. तो फारसा वळत नाही, आणि चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर न पडता पडद्याच्या कितीतरी मागे जुळायला जातं.

चष्म्याच्या दुकानातल्या भाषेत सांगायचं तर पाण्यात डोळे उघडणाऱ्या प्रत्येकाला प्लस चाळीसच्या पुढचा नंबर लागतो. घरी चष्मा असो वा नसो. उलट मोठ्या मायनस नंबरवाल्याचा डोळा मुळातच लांबट, त्यामुळे पाण्यात तो बिनचष्मेवाल्यापेक्षा किंचित कमी आंधळा असतो. या समाधानाचा व्यवहारात काही उपयोग नाही.

यातही माणसाने वाट काढली आहे. थायलंडच्या सुरिन बेटांवर मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक राहतात. त्यांची मुलं मास्कशिवाय बुडी मारून तळावरचे शिंपले आणि समुद्रकाकड्या वेचतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या अॅना गिस्लेन यांनी या मुलांची तपासणी केली आणि २००३ साली निष्कर्ष छापले: पाण्याखाली त्यांना युरोपीय मुलांच्या दुप्पट बारकावे दिसतात. डोळ्याची ठेवण वेगळी नव्हती. ही मुलं पाण्यात बाहुली शक्य तितकी लहान करतात आणि आतलं भिंग पूर्ण ताणाने वापरतात. पुढे स्वीडिश मुलांना सराव दिला, तर त्यांनाही ते जमू लागलं. पण वयाबरोबर आतलं भिंग ताठर होत जातं, म्हणून हा खेळ मुलांचाच.

आपल्यासाठी मास्क. त्याचं काम साधं आहे: डोळ्यासमोर पुन्हा हवा ठेवायची, म्हणजे कॉर्निया आपल्या जुन्या कामाला लागतो. त्यात नाकही घ्यावं लागतं आणि त्याला पक्कं कारण आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मास्कमधली हवा आकसते आणि चेहऱ्याला ओढू लागते. नाकाने थोडी हवा आत सोडली की ओढ सुटते. सोडली नाही तर डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि माणूस भुतासारखे लालभडक डोळे घेऊन वर येतो. बहुतेकदा ते दिसायला भयंकर असतं आणि काही दिवसांत आपोआप निवळतं. मात्र नजरेत फरक जाणवला किंवा डोळा दुखला तर डॉक्टरकडे जायचं. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, त्यामुळे तो घालून खोल बुडी मारायची नसते. मुंबई-पुण्याच्या तलावांत पोहणारी आणि नंबरचा गॉगल बाळगणारी माणसं तो घेऊन मालवणला येतात, आणि गाइडला तो हळूच काढून घ्यावा लागतो.

मोठं दिसतं, पण

मास्कची सपाट काच लावली की पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा एक चतुर्थांश जवळ भासते आणि सुमारे एक तृतीयांश मोठी. गाइडचं "सगळा मोठाच दिसता" हे त्यामुळे अक्षरशः खरं आहे. वर येऊन सांगितलेल्या माशांच्या मापात तेवढी वजावट करावी.

छोट्या मायनस नंबरवाल्यांना याचा फायदा होतो. समजा नंबर मायनस एक आहे. जमिनीवर एका मीटरपर्यंत सगळं स्वच्छ, पुढे धूसर. पाण्यात तीच हद्द सव्वा मीटरच्या पुढे सरकते. त्यात मालवणचं पाणी. ज्या दिवशी पाच-सहा मीटरपलीकडे पाणीच काही दाखवत नाही, त्या दिवशी दूरच्या नंबरचं दुःख निम्मं होतं, कारण दूर असं काही नसतंच. म्हणून मायनस दीड-दोनपर्यंतची माणसं बिनचष्म्याची उतरतात आणि खूश होऊन येतात. मायनस पाचवाल्याची स्वच्छ नजर मात्र हातभर अंतराच्याही आत संपते. त्याला प्रवाळ रंगीत ढगांसारखं दिसतं. मासा नाकासमोर आला तर मासा, एरवी हलणारं काहीतरी.

चाळिशीवाल्यांचं उलटं आहे. दूरचं उत्तम. पण हातातलं हवेचा दाब दाखवणारं मीटर जवळ भासतं म्हणजे डोळ्याला आणखी जवळचं बघण्याचे कष्ट पडतात, आणि खाली प्रकाश कमी, बाहुली मोठी, त्यामुळे अक्षरं जास्तच पसरतात. पर्यटकाचं यात काही बिघडत नाही, त्याची हवा गाइड बघतो. पण रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःच्या जबाबदारीवर उतरणाऱ्याला सिलिंडरमधला दाब स्वतः वाचावा लागतो. सुरुवातीला सुमारे २०० बार असतो, आणि साधारण ५० उरेपर्यंत पृष्ठभागावर परतलेलं असावं असा दंडक आहे. पन्नास आणि दीडशे यांतला फरक अंदाजाने लावायचा नसतो. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पन्नाशीच्या आसपास शिकायला उतरणारी माणसं किनाऱ्यावर भेटली, की त्यांचा पहिला प्रश्न शार्कचा नसतो. आकडे वाचायचे कसे, हा असतो. उत्तर स्वस्त आहे: मास्कच्या काचेला आतून, खालच्या बाजूला चिकटवायची अर्धचंद्राकार भिंगं मिळतात. मोठे आकडे दाखवणारं मनगटी यंत्र हा दुसरा उपाय, तो महाग.

दोन काचांचा मास्क

चष्मा घालून वर मास्क का चढवत नाहीत? कारण चष्म्याच्या काड्या. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला सलग चिकटली पाहिजे. काडीने फट पडली की पाणी आत. यावर आपल्याकडचा जुना तोडगा म्हणजे जुन्या चष्म्याच्या काड्या तोडून नुसती चौकट मास्कच्या आत बसवायची. कोल्हापुरातल्या एका चष्मेवाल्याने अशी जोडणी केलेला मास्क मला दाखवला. दिसायला केविलवाणा, पण चालतो. चौकट हलते एवढीच कटकट.

खरा उपाय नंबरचा मास्क. एकसंध काचेच्या मास्कला तो सहजी करता येत नाही, दोन वेगळ्या काचांचा लागतो. साध्या काचा काढून तिथे नंबरच्या तयार काचा बसवतात. त्या बहुधा अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मिळतात, डाव्या-उजव्या वेगळ्या घेता येतात. या काचेची पाण्याकडची बाजू सपाट असते आणि सगळा बाक डोळ्याकडच्या बाजूला. त्यामुळे तिचा नंबर हवेत आणि पाण्यात सारखाच राहतो. बाहेरची बाजू फुगीर असती तर पाण्यात शिरताच हिशेब बदलला असता.

अॅस्टिग्मॅटिझमचा, म्हणजे चष्मेवाल्यांच्या भाषेत सिलिंडरचा, नंबर तयार काचांत नसतो. मग निम्मा सिलिंडर मूळ नंबरात मिळवतात: मायनस तीन आणि सिलिंडर मायनस एक असेल तर मायनस साडेतीनची काच. सिलिंडर मोठा असेल तर हे भागत नाही, खास घडवून मास्कच्या काचेला आतून चिकटवलेली भिंगं घ्यावी लागतात. शिवाय मास्कची काच चष्म्यापेक्षा डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे मोठ्या मायनसची ताकद थोडी कमी पडते. दुसरीकडे पाण्यात सगळं जवळच असतं, म्हणून काही जण अर्धा नंबर कमीच ठेवतात. चष्मेवाल्याने हे सगळं कागदावर काढून दाखवलं आणि म्हणाला, "पण विचारायला येतं कोण? पोरं थेट ऑनलाइन मागवतात."

लेन्स, शस्त्रक्रिया आणि काही नकार

कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरता येतं. मऊ लेन्स असावी, रोज फेकून द्यायची असेल तर उत्तम. कडक लेन्स टाळतात. वर येताना दाब कमी होतो तसे तिच्याखाली अश्रूंच्या थरात वायूचे बुडबुडे अडकू शकतात. डोळा खुपतो, दिव्यांभोवती वलयं दिसतात. मऊ लेन्समधून वायू आणि पाणी आरपार जातं, तिथे हा त्रास नाही. तिचा धोका निराळा. पाण्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सखाली तो अडकला तर कॉर्नियाला चिवट जंतुसंसर्ग होतो, त्यात दृष्टी जाऊही शकते. म्हणून बुडी झाली की लेन्स टाकायची. तीच संध्याकाळी हॉटेलवर जेवायला घालून जायची नाही.

लेन्सवाल्यांची खरी परीक्षा होते ती मास्क काढून पुन्हा लावण्याच्या धड्यात. या धड्यात मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेतात. मग वरची कड कपाळाला दाबायची, मान वर करायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. हवा वर साचते, पाणी खालून निघून जातं. हे करताना लेन्सवाल्याने डोळे मिटायचे, नाहीतर लेन्स समुद्राला अर्पण. आधी प्रशिक्षकाला सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर तो समोर डोळे मिटलेला विद्यार्थी बघून घाबरतो. खाली घबराट होते ती बहुतेक वेळा याच क्षणी. नाकाशी पाणी आलं की शरीर आपोआप नाकाने श्वास ओढायला बघतं, आणि दिसतही काही नसतं. ज्यांनी हा धडा उथळ पाण्यात कंटाळा येईपर्यंत घोटला आहे त्यांना खाली अचानक धूसर झालं तरी सुचतं: थांबायचं, गाइडचा हात धरायचा, पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे डोलवायचा, म्हणजे "काहीतरी गडबड आहे", आणि मग मास्ककडे बोट.

डोळ्याच्या आजारांबद्दल लोकांच्या मनात दाबाची भीती असते. डोळा द्रवाने भरलेला असतो आणि द्रव दाबाने आकसत नाही, त्यामुळे नुसता काचबिंदू आहे म्हणून डोळा पाण्यात फुटत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय पाय भिजवू नये. लेसरने नंबर घालवलेल्यांना निदान महिनाभर थांबायला सांगतात. पाणबुड्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आरोग्य प्रश्नावलीत तीन महिन्यांच्या आतली कोणतीही नेत्रशस्त्रक्रिया नोंदवावी लागते. आणि एक नकार बिनशर्त आहे. डोळ्याचा मागचा पडदा सरकल्यावर शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत बुडी नाही, विमानही नाही. तो वायू दाबाने आकसतो-फुगतो, आणि त्यात डोळा जाऊ शकतो.

बुडी संपवून वर आल्यावर धूसर दिसू लागलं तर बहुधा कारण किरकोळ निघतं: जागेवरून सरकलेली लेन्स, काचेला लावलेलं न धुतलेलं रसायन, होडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी. पण बुडीनंतर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे अडकण्याचा विकारही डोळ्यांवर परिणाम करू शकतो. त्यामुळे "थकला असशील, झोप जरा" हा आपला घरगुती सल्ला इथे आवरावा आणि डॉक्टरकडे जावं.

थुंकी, पेस्ट आणि मिशा

इतकं सगळं जमवून खाली गेलं आणि काचेवर धुकं धरलं तर नंबरच्या काचेचाही उपयोग नाही. चेहरा गरम, आतली हवा दमट, काच समुद्राइतकी गार. वाफ काचेवर बारीक थेंबांनी बसते. हे थेंब बसू न देता पाण्याचा एकच पातळ सलग थर पसरवणं, एवढंच धुकं घालवण्याच्या प्रत्येक उपायाचं काम.

सगळ्यात जुना उपाय तोंडातच असतो. होडीवरचा पोरगा मास्कमध्ये थुंकला, बोटाने चोळलं, समुद्रात एकदा विसळलं आणि माझ्यापुढे धरलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो हसला. "आपली आपण थुकी लावा मगे. लाज कसली, समुद्रात सगळा चलता." जपानच्या आमा या बुड्या मारणाऱ्या बायका काच पुसायला योमोगी नावाच्या वनस्पतीची पानं वापरतात. आपल्याकडे पाण्यात मिसळलेला लहान मुलांचा शॅम्पू चालतो, कारण तो डोळ्याला झोंबत नाही. बाजारातलं धुकेविरोधी रसायन लावलं तर नीट धुवावं; ते डोळ्यात उतरलं तर कॉर्निया पोळतो.

नवा मास्क मात्र थुंकीला दाद देत नाही. कारखान्यातून येताना काचेवर सिलिकॉनचा अदृश्य पापुद्रा असतो. तो दात घासण्याच्या पांढऱ्या पेस्टने पुन्हा पुन्हा चोळून काढतात. पेस्ट साधी हवी, जेलवाली नको. ऑनलाइन मास्क मागवून थेट होडीवर येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि महागडा मास्क आपल्याला फसवतोय असं त्यांना वाटत राहतं.

दुसरा शत्रू मिशा. भरघोस मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपतं आणि अख्खी बुडी ते काढण्यात जाते. नाकाखालची एक बारीक पट्टी भादरली तर काम होतं, पण ही सूचना गाइड कोणत्याही पाटलांना करू धजत नाहीत. बायकांच्या बाबतीत कपाळावर आलेली बट हेच काम करते. कपाळावर थापलेलं सनस्क्रीन घामाबरोबर मास्कमध्ये ओघळतं आणि डोळे चुरचुरतात. मग माणूस खाली रडतो, आणि गाइडला वाटतं, भारावला.

पाणी निवळतं तेव्हा

डोळा, काच, लेन्स सगळं नीट असलं तरी शेवटी मधलं पाणी. पावसाळ्यात नद्या-ओहोळ गाळ आणून टाकतात, समुद्र उसळतो, आणि धंदाही बंद असतो. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळायला लागतं. तरी रोजचं रोज वेगळं. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते. अशा ठिकाणी गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे पाणी स्वच्छ असूनही तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखं सगळं थरथरतं. नवखा माणूस मास्क चाचपत बसतो. थोडं वर किंवा खाली सरकलं की दिसायला लागतं.

पाण्याची पारदर्शकता मोजायची सर्वांत सोपी रीत इटलीच्या अँजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली वापरात आणली: पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. मालवणचे होडीवाले नांगराच्या दोरीकडे बघून तेच करतात. "आज चार हात दोरी दिसता," असा त्यांचा अहवाल, आणि तो चुकत नाही.

खाली गेल्यावर रंगही जातात. लाल सर्वांत आधी, पाच-सहा मीटरांतच करडा होऊ लागतो. मग नारिंगी, मग पिवळा. डोळे बिघडल्यासारखं वाटतं, पण तो प्रकाशच तिथवर पोचत नाही. हातातला टॉर्च लावला की खडकावर एकदम शेंदरी, तांबडं उगवतं. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य किल्ल्याच्या आजूबाजूच्या याच पाण्यात आहे, आणि त्यातल्या प्रवाळाचा खरा रंग बहुतेक पर्यटकांनी फोटोतच पाहिलेला असतो. जे थोडंफार दिसू शकतं तेही पर्यटकच बिघडवतात. तळावर उभं राहून पाय आपटले की गाळ उठतो, आणि पुढच्या दहा जणांना फक्त गाळ दिसतो.

व्हिडिओत दिसलेले मासे

मालवणच्या स्कूबात व्हिडिओ हा मोठा भाग. गाइड किंवा त्याचा जोडीदार छोट्या कॅमेऱ्याने तुमचं चित्रण करतो आणि संध्याकाळपर्यंत फोनवर पाठवतो. मोठ्या नंबरची माणसं त्या रात्री चष्मा लावून फोन बघतात आणि आपल्या डोक्यावरून पिवळ्या पट्ट्यांचे मासे गेले होते हे त्यांना तेव्हा कळतं. एका गाइडला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "माका म्हायत आसा. पण वर इल्यावर सगळे मस्तच म्हणतत. इचारल्याशिवाय नंबर कोण सांगत नाय, आणि आमी इचारीत नाय." नंबरचे मास्क का ठेवत नाही, यावर त्याचं उत्तर धंद्याचं होतं. माणूस पाण्याखाली असतो पंधरा-वीस मिनिटं, रांग मोठी, मास्क रोज आपटतात, हरवतात. नंबरच्या काचेला ओरखडा आला तर भरून कोण देणार?

माझा हिशेब निराळा आहे. अख्ख्या होडीत मायनस तीनपुढचे फार तर तिघेचौघे असतात. मायनस तीन, साडेचार आणि सहा असे तीन मास्क ठेवले तरी त्यातल्या बहुतेकांचं भागेल. डोळ्याला तंतोतंत नंबर लागत नाही. पाऊण नंबर इकडेतिकडे झालं तरी ढगाचा मासा होतो. पैसे दोघांकडून पूर्ण घ्यायचे आणि एकालाच समुद्र दाखवायचा, हे मला पटत नाही.

तारकर्लीहून सुटलेल्या दुसऱ्या एका होडीत सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. नंबर मायनस साडेपाच. त्यांनी स्वतःचा नंबरचा मास्क करवून आणला होता, लेकीने दटावूनही: एका दिवसासाठी कशाला खर्च? त्या पहिल्यांदा उतरल्या, वर आल्या आणि गाइडच्या हातून चष्मा घ्यायच्या आधीच त्यांनी खडकाच्या कपारीत मिशा हलवत बसलेल्या शेवंडीचं वर्णन सुरू केलं. होडीत कॉलेजातला एक मुलगा होता, मायनस पाचचा. "काकू, मी लावून बघू?" त्याने विचारलं. बाईंनी मास्क विसळला, आत थुंकायचं त्याचं त्याने, असं बजावलं आणि दिला. तो गेला. मग त्याची बहीण गेली. तिला तो नंबर जड होता, पण साध्या मास्कपेक्षा बरा वाटला म्हणाली. तेवढ्यात गाइड बाईंशेजारी येऊन बसला. दुकान कुठलं, काचा वेगळ्या मिळतात का, तीन घेतले तर कमी करेल का, हे सगळं त्याने विचारून घेतलं. "माझं नाव सांग," बाई म्हणाल्या, "पण आधी घासाघीस कर, मग नाव सांग."